खोबऱ्याच्या बुंध्याशी घातलेली माती

फुलं तोडणाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचं नसतं, हे मी या सोसायटीत नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो. सकाळी सहाला जास्वंदीच्या कुंपणाशी एक गृहस्थ उभे होते. गळ्यात मफलर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. पावसाचं चिन्ह नव्हतं. छत्रीची वाकडी मूठ उंचावरची फांदी खाली ओढायला होती.

मी म्हटलं, "काका, फुलं तोडायची नाहीत. बोर्ड लावलाय."

ते शांतपणे म्हणाले, "बोर्ड मीच लावलाय. मी खजिनदार आहे."

"मग ही फुलं?"

"ही देवाची."

पुढच्या महिन्यापासून मी पद्धत बदलली. निम्मी फुलं झाडावर ठेवून उरलेली मीच खुडायचो आणि वॉचमनच्या केबिनशेजारी एका परडीत ठेवायचो. ज्याला हवीत त्यानं मूठभर न्यावीत. भांडणं मिटली. खजिनदार काका मात्र शेवटपर्यंत छत्री घेऊन येत राहिले. "आयत्या फुलांत मन लागत नाही, म्हसकर," म्हणायचे. कोपऱ्यातलं एक झाड मी त्यांच्यासाठी कधी खुडलं नाही, आणि हे त्यांना कधी सांगितलंही नाही.

मी रघुनाथ म्हसकर, पोशीरचा. घर भातशेतीचं. नेरळजवळच्या एका रोपवाटिकेत बारा वर्षं कलमं बांधली आणि त्यानंतर कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या आपल्या सोसायटीत सोळा वर्षं बाग सांभाळली. आधी माळी म्हणून, मग मुकादम म्हणून. तीन वर्षांपूर्वी घरी बसलो. सोसायटीच्या या अंकाच्या संपादक सुलभाताईंचा फोन आला, "काका, बागेच्या चार गोड आठवणी लिहा." गोड आठवणी चार काय, चाळीस आहेत. पण त्यांच्यामध्ये एक अशी आहे की तिला वळसा घालून बाकीचं लिहायला गेलो की हात अडतो. दोनदा लिहून कागद फाडले. आता सरळ लिहितो.

आधी बागेबद्दल थोडं, कारण सामायिक बाग म्हणजे काय हे तिच्यात राहणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं.

घरच्या बागेला एक मालक असतो. इथे शंभराच्या वर. एकाला हिरवळ हवी, दुसऱ्याला हिरवळीत डास दिसतात, तिसऱ्याला तिथे कढीपत्ता हवा असतो. त्यात आपल्याकडे निम्मे लोक शनिवार-रविवारचे. ते शुक्रवारी रात्री मुंबईहून येणार, शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरणार आणि मे महिन्याच्या उन्हात उभं राहून विचारणार, "म्हसकर, लॉन पिवळं का दिसतंय?" मी म्हणायचो, "साहेब, डोंगरही पिवळा दिसतोय." काही हसायचे. काही कमिटीला पत्र लिहायचे.

क्लबहाऊसच्या दाराशी एक अनंत होता. फुलायला लागला की जिन्यापर्यंत वास यायचा. सगळ्यांचा लाडका. एका उन्हाळ्यात त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी खत बदललं, माती हलवली, काही उपयोग नाही. मग एक दिवस मुद्दाम सावलीत बसून राहिलो. सकाळी सात वाजता एक वहिनी तांब्या घेऊन आल्या. आठला एक आजोबा बाटली घेऊन आले. दहाला वॉचमननं पाइप धरला. दुपारी पोहायला आलेली मुलगी ओल्या हातांनी बादली घेऊन आली. संध्याकाळी बॅडमिंटनवाल्यांपैकी एकानं उरलेलं पाणी ओतलं. प्रत्येकाला वाटत होतं की या बिचाऱ्या झाडाकडे आपल्याशिवाय कुणाचं लक्ष नाही. अनंत मेला तो पाच जणांच्या मायेनं. त्यानंतर मी प्रत्येकाला एकच गोष्ट शिकवली: पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर बादली उचलून घरी जा.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितली. सांगताना माझी मान ताठ असायची. माझ्या हातून झाड मरेल असं मला कधी वाटलं नाही.

आता खोबऱ्याचं.

सोसायटी होण्याआधी ही सगळी भाताची खाचरं होती. बिल्डरनं जमीन सपाट केली तेव्हा बांधावरचं एक झाड तेवढं ठेवलं, रायवळ आंब्याचं. जुने शेतकरी त्याला खोबऱ्या म्हणायचे, कारण कैरी फोडली की आत ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि करकरीत. रसाला अगदी निकामी, सगळा रेषाच. पण लोणच्याला असा आंबा मी पुन्हा पाहिला नाही. दर मे महिन्यात मी झेल्यानं, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीनं, आंबे उतरवायचो आणि क्लबहाऊसच्या मागच्या खोलीत पेंढा पसरून अढी घालायचो. आठवड्यात तो वास टेबल टेनिसच्या खोलीत शिरायचा आणि पोरं खेळ सोडून दाराशी घुटमळायची. मग प्रत्येक घरी थोडे थोडे आंबे. शनिवारवाल्यांचे पेंढ्यात झाकून ठेवायचे. मुंबईत मोठ्या पेट्या घेणारी माणसं ते चार रेषाळ आंबे रुमालात बांधून न्यायची, तेव्हा मला कसलं भरून यायचं. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस ते.

खोबऱ्याच्या बरोबर समोर, ए विंगच्या तळमजल्यावर शैलजा टिपणीस राहायच्या. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. आवाज वर्गात लावायचा तोच घरात. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवायच्या, फुकट. सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

बाईंचं आणि खोबऱ्याचं जमत नव्हतं. स्वयंपाकघराची एकच खिडकी, आणि त्या खिडकीत भर दुपारी अंधार. मोहराच्या दिवसांत चिकटा गळायचा, तो वाळत घातलेल्या पातळांवर, खिडकीच्या काचेवर, सगळीकडे. एकदा त्यांनी मला हाक मारली, कोरा चहा दिला आणि विचारलं, "म्हसकर, हा चिकटा झाड गाळतं की किडे?"

"किडे, बाई. तुडतुडे. मोहराचा रस पितात आणि जास्तीचं खाली सोडतात."

"म्हणजे मी उगाच झाडाला शिव्या देते."

"उगाच नाही. ते त्या फांदीवर आहेत, आणि फांदी तुमच्या खिडकीवर आहे."

बाई हसल्या. सोळा वर्षांत मला झाडाबद्दल खरा प्रश्न विचारणारी माणसं मोजकीच भेटली. त्यांतल्या त्या एक.

त्यांनी तेवढी एक फांदी छाटायचा अर्ज दिला. पावसाळा संपल्यावर ती छाटली असती तर झाडाचं काही बिघडलं नसतं. मी तसं सेक्रेटरींना सांगितलंही. पण सभेत सगळे एकदम हळवे झाले. खोबऱ्याला हात लावायचा नाही! बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मग एकदाचं वाळू दे मेलं ते झाड! दिवसा दिवा लावून पोळ्या लाटते मी." तेव्हा सगळे हसले. हे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बी विंगच्या मागे जमिनीखालची पाण्याची टाकी खणली. मातीचा हा ढीग! चिकट, पांढरट माती. ट्रक यायला वेळ होता, टाकायची कुठे ते ठरत नव्हतं, आणि पोरं ढिगावरून घसरत होती. मीच सुचवलं. खोबऱ्याभोवती ही माती घालू, गोल टेकडी करू, वर हिरवळ लावू. लोकांना बसायला होईल, झाडाला भरही मिळेल. सेक्रेटरी खूश. मला कुणी भरीला घातलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहितो. कल्पना माझी.

माझ्या हाताखाली सखू म्हणून बाई होती, डोंगराकडच्या वाडीतली. शाळेत गेली नव्हती, पण झाडं ओळखायची. मातीची पहिली पाटी बुंध्याशी पडली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, झाडाच्या गल्यापत्तुर माती नको घालू. त्याला दम लागंल."

"अगं, केळीला भर घालतो, माडाला घालतो. त्यांना लागतो का दम?"

"केल ती केल हाय. ह्यो आंबा हाय."

"सखू, बारा वर्षं आंब्याची कलमं बांधलीत मी."

"कलमा बारकी असत्यात," ती म्हणाली आणि पाटी उचलायला गेली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो पसरतो, पावलं रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. ती पावलं उघडी हवीत. झाडाची श्वास घेणारी बारीक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. त्यांच्यावर अचानक तीन फूट माती घातली की त्यांना हवा मिळत नाही आणि बुंध्याची साल ओलीत कुजते. केळ आणि माड खोडातून नवी मुळं काढून वर सरकतात. जुना आंबा काढत नाही. आज हे मी एका दमात सांगतो. तेव्हाही ते पुरतं माहीत नव्हतं असं नाही; पण आम्ही पडलो भाताची माणसं. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, होते ती गुडघाभर चिखलात. बांध फुटला की माती घाल, आवण लवलं की माती दाब, घराच्या जोत्याला माती लिंप. माती जास्त झाली म्हणून काही मेलेलं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. वरून मी ती माती रूळ फिरवून घट्ट केली, आणि हिरवळीसाठी तिच्यावर रोज पाणी सुरू केलं. अनंताची गोष्ट सांगणाऱ्या माणसानं.

टेकडी फार देखणी झाली. लहान पोरं तिच्यावरून गडगडत खाली यायची. कोजागरीचं दूध तिथेच आटलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मला शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "म्हसकरांच्या हाताला गुण आहे." हे वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पोशीरला पारावर सांगितलं, न विचारता भेटेल त्याला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी पानं बारीक आली. शेंडे वाळले. मी शेणखत घातलं. तिसऱ्या वर्षी माघात खोबऱ्या असा मोहरला की पान दिसेना. लोक फोटो काढत होते. "बघा, म्हसकरांची कमाल!" रोपवाटिकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, जुनं झाड एकाएकी असं वेड्यासारखं मोहरलं तर ते कशाचं लक्षण असतं. झाडाला मरण दिसलं की ते असं करतं. मी ते जाणत होतो. मी मान हलवून हसलो आणि फोटोत उभा राहिलो.

वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या आणि गळल्या. चैत्रात एक बाजू वाळली. ज्येष्ठ संपेपर्यंत सगळी पानं तपकिरी होऊन झाडावरच लटकत राहिली.

कमिटीनं मला कारण शोधायला सांगितलं. सखूला घेऊन मी बुंध्याशी खड्डा घेतला. दोन फुटांवरच आंबूस वास आला. कुदळ बाजूला ठेवून हातानं माती काढली, तर साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. आतलं लाकूड काळं. आणखी खाली, जुन्या जमिनीच्या पातळीवर, खोबऱ्याची पावलं होती, कुजलेली. सखू खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती.

"पावलं गाडली रं दादा तुमी त्याची," ती म्हणाली. रागानं नाही. लहान पोर पडल्यावर म्हणतात तसं.

मी वर पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मी म्हणालो, "बुजव."

"आं?"

"खड्डा बुजव म्हणतो ना."

तिनं फावडं हातात घेतलं नाही. मीच माती ओढली, पायानं दाबली, वर हिरवळीचा तुकडा ठेवला.

सेक्रेटरी ऑफिसात होते. मी म्हणालो, "मुळं जळल्यासारखी वाटतात." ही पहिली लबाडी. ती कुजली होती, जळली नव्हती. फरक मला ठाऊक होता.

त्यांनी विचारलं, "जळल्यासारखी म्हणजे? कुणी काही ओतलंय?"

मी हाताला लागलेली माती झटकली. मग म्हणालो, "असू शकतं."

तेवढंच. टिपणीसबाईंचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, हे मला बोलतानाच कळत होतं.

आठ दिवसांनी सभा झाली. बाईंचं ते जुनं वाक्य कुणीतरी उठून जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कुणी म्हणालं ॲसिड, कुणी म्हणालं मिठाचं पाणी. सेक्रेटरींनी थेट विचारलं, "बाई, तुम्ही काही केलंत का?" मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं, आता बाई उसळतील, सगळ्यांची हजेरी घेतील, खड्डा पुन्हा खणायला लावतील. बाई खाली बघत बसून राहिल्या. हो नाही, नाही नाही. उठल्या आणि घरी गेल्या.

मी तेव्हा मनात म्हटलं, हा मास्तरकीचा ताठा आहे. उत्तर देणंसुद्धा कमीपणाचं वाटतं. असं म्हटलं की मला बरं वाटायचं.

पुढचं तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. लोकांनी बाईंशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. शिकवणीची मुलं कमी होत होत बंद झाली. परवानगी काढून खोबऱ्या तोडला, टेकडी काढून पुन्हा सपाटी केली, आणि बुंध्याच्या खोडक्याशेजारी एक फलक लागला: 'येथील आंब्याचे झाड विष घालून मारण्यात आले. झाडे जगवा.' त्या फलकाचा खड्डा मी घेतला. वर्षभरात बाईंनी घर विकलं आणि भिसेगावात राहायला गेल्या. टेंपोत सामान चढवत होते तेव्हा मी गेटवर उभा राहून वाकून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

सखू मला एकदाच बोलली. पालापाचोळा ओढता ओढता म्हणाली, "बाय भांडखोर हाय, पन तिनं नाय केला. तुमी सांगा."

"सांगतो."

"कवा?"

मी दुसरीकडे कामाला गेलो. पुढच्या भातकापणीला ती वाडीवर गेली ती परत कामावर आली नाही.

नोकरी जाईल ही भीती होती का? खरं सांगायचं तर नाही. चूक कबूल केली असती तर चार शब्द ऐकावे लागले असते, बस. भीती होती ती 'हाताला गुण आहे' हे वाक्य जाण्याची. त्या एका वाक्यासाठी मी एका बाईचं नाव मातीत घातलं.

सामायिक बागेचं हेच आहे. फूल आलं की ते सगळ्यांचं. झाड मेलं की एक माणूस शोधावा लागतो, आणि तो भांडखोर, एकटा, तळमजल्यावरचा असला की सोपं जातं. कुणीही मला म्हणालं नाही की, म्हसकर, तो खड्डा आम्हाला दाखवा.

या वर्षी सुलभाताईंनी अंकाला फोटो हवा म्हणून बागेत बोलावलं. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी आपल्या मैत्रिणीला तो फलक वाचून दाखवत होती. "कुणी मारलं?" मैत्रिणीनं विचारलं. "इथे एक दुष्ट टीचर राहायची, तिनं." या मुलीचा जन्म झाला तेव्हा टेकडीला नुकतीच हिरवळ लागली होती. तिनं बाईंना धड पाहिलेलंही नसणार. मी वॉचमनकडे पहार मागितली. तो म्हणाला, "काका, कमिटीला विचारल्याशिवाय फलक नाही काढता येत." बरोबर होतं त्याचं. कमिटीनं कारण विचारलं असतं.

ते कारण या अंकातच लिहायचं, पण आधी बाईंना सांगायचं ठरवलं. त्यांच्या कानावर ते छापील कागदातून जाऊ नये एवढंच वाटत होतं. गेल्या महिन्यात एका दुपारी भिसेगावला गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे, आवाज तोच.

"म्हसकर? या. वाळलात फार."

पाणी दिलं. मी पेला हातात धरून म्हणालो, "बाई, खोबऱ्याबद्दल बोलायला आलोय."

त्या समोरच्या खुर्चीत हळूच बसल्या. "इतक्या वर्षांनी? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"पाठवलं असेल तरी हरकत नाही. मलाही कुणाला तरी सांगायचंच होतं." त्यांनी पदर सारखा केला. "मी ओतलं होतं."

मला काही समजेना.

"त्या वर्षी मोहर किती आला होता आठवतं? सगळं घर चिकट. न्हाणीघर धुतलेलं पाणी होतं बादलीत, फिनेल, आणि थोडं संडासाचं ॲसिड. असा संताप आला, म्हसकर, तशीच बाहेर गेले आणि बुंध्याशी उपडी केली. एकदाच. दोन महिन्यांत झाड गेलं. सभेत काय सांगणार होते मी? कबूल करायचं धैर्य नव्हतं, आणि नाही म्हणायला जीभ वळेना."

मी पेला खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं. टाकीची माती, सखूचं बोलणं, साल, खड्डा, 'असू शकतं', आणि हे सगळं अंकात लिहिणार आहे तेही. बाई फळ्यावरचं गणित तपासावं तसं ऐकत होत्या.

"एका बादलीनं नाही मरत?"

"नाही, बाई."

"ॲसिड होतं त्यात."

"तरी नाही. फार तर वरचं गवत जळलं असेल."

"जळलं होतं," त्या लगेच म्हणाल्या. "पिवळा गोल डाग पडला होता. खिडकीतून रोज बघायचे मी तो."

"खोबऱ्याची मुळं त्या डागाच्या तीन फूट खाली होती. माझ्या मातीखाली. तुमचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंही नसेल."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सभेच्या आठ दिवस आधी."

"आधी." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "शिकवणी मुलांनी सोडली असं सगळ्यांना वाटतं ना? शेवटी दोघं येत होती. त्यांना मीच नको म्हटलं. असं काही केलेल्या हातानं पोरांना शिकवू नये असं वाटायचं. इथेही कितीजण विचारतात. मी नाही म्हणते. आणि तुम्ही गेटवर मला वाकून नमस्कार केलात."

"चुकलो, बाई. माफ करा."

"ते नंतर बघू. आधी छापून येऊ दे." त्या उठल्या, म्हणून मीही उठलो. "आणि कमिटी, परिस्थिती, पाऊसपाणी असलं गुळमुळीत काही लिहू नका. कुणी माती घातली, कुणी खड्डा बुजवला, कुणी काय म्हटलं, नावानिशी."

मी अर्धा जिना उतरलो तेव्हा वरून हाक आली.

"म्हसकर! मी बादली ओतली तेही लिहा. ते गाळलंत तर पुन्हा खोटंच होईल."

म्हणून तेही लिहिलं. शैलजा टिपणीस यांनी रागाच्या भरात एक बादली ओतली आणि त्यानं वीतभर गवत जळलं. आंबा मी मारला, आधी अडाणीपणानं. आणि मग तो कसा मेला हे पुरतं कळून त्याच्यावर माती ओढली. ज्यांनी बाईंशी बोलणं टाकलं ते बरेचजण अजून त्याच घरांत राहतात आणि हा अंक त्यांच्या हातात पडेल. भिसेगाव लांब नाही.